चिरुटाची परीक्षा

मैत्रिणींनो, मथळा वाचून पान उलटण्याच्या बेतात असाल तर जरा थांबा. पाककृती आणि विणकामाच्या शेजारी चिरूट कुठून आला, असं वाटणं साहजिक आहे. आमच्या घरी कोणी ओढत नाही. ह्यांना तर सुपारीचंही व्यसन नाही. पण वस्तू चांगली की वाईट हे पारखणं, हा विषय आपला नाही तर कोणाचा? तांदूळ दाताखाली धरून जुना की नवा ते आपण सांगतो. वांगं उचललं की वजनावरून आत बी किती असेल याचा अंदाज बांधतो. साडीचा पदर मुठीत चुरगाळून सोडतो आणि सुरकुती राहते का ते बघतो. मग पुरुषमंडळी ज्या वस्तूचं एवढं कौतुक करतात, तिला हात लावून बघायला आपल्याला कोणाची मनाई आहे?

मी इथल्या मुलींच्या शाळेत अर्धवेळ शिकवते, इतिहास आणि भूगोल. भूगोलात क्यूबा दोन ओळींत संपतो. मुख्य पिके ऊस व तंबाखू, राजधानी हवाना. हवानाचे चिरूट जगप्रसिद्ध आहेत म्हणून सांगायचं, मुलींनी लिहून घ्यायचं, की घंटा होते. 'चिरूट' या शब्दाची मात्र मला फार गंमत वाटते. हा मूळ तमिळ शब्द, 'सुरुट्टु'. अर्थ काय, तर गुंडाळी, वळलेली वस्तू. इंग्रजांनी तो तिकडे उचलला आणि जगभर नेला. तिरुचिरापल्लीचे चिरूट त्या काळी इतके नावाजलेले होते, की शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत, म्हणजे १८८७ साली, तो गृहस्थ जमिनीवरची राख चिमटीत घेऊन सांगतो, की खुनी तिरुचिरापल्लीचा चिरूट ओढत होता. राखेवरून! आपण उतू गेलेल्या दुधावरून गॅसजवळ कोण उभं होतं ते ओळखतो, त्यातलाच प्रकार.

तर झालं असं. ह्यांचे कॉलेजातले एक मित्र जहाजावर अधिकारी आहेत. मी त्यांना भाऊजी म्हणते. वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर, उरलेल्या दिवसांत मित्रांच्या घरी जेवायला. दिवाळीनंतर आले ते मुलांना चॉकलेटं, मला बदाम आणि ह्यांच्यासाठी दोन चिरूट घेऊन. खास हवानाचे, हातानं वळलेले. त्यावरच्या कागदी पट्टीवरचं नाव मी इथे देत नाही, कारण पुढे त्या मालाबद्दल थोडं वाईट लिहायचं आहे. हे म्हणाले, "अरे, मी ओढत नाही." तर भाऊजी म्हणाले, "ओढू नकोस रे, शिकून तर घे." आणि जेवणानंतर गच्चीवर वर्ग भरला. मी विड्याचं तबक घेऊन वर गेले, ती तिथेच टेकले.

शिकवलं चांगलं हो त्यांनी. मास्तरणीनं कबूल करावं इतकं चांगलं.

चिरुटात कागद म्हणून नसतो. सगळं पानच. आतलं भरण, त्याला धरून ठेवणारं एक बांधणीचं पान आणि वर नेसवलेलं एक देखणं पान. भरणात एकाच झाडाची तीन तऱ्हांची पानं असतात. शेंड्याकडची, ऊन खाल्लेली, जाड आणि कडक. ती सावकाश जळतात म्हणून मधोमध घालायची. मधल्या उंचीवरची सुवासासाठी. आणि बुडाची पातळ, चवीला बेताची, पण चटकन पेट घेणारी. म्हणजे आपल्या आमटीसारखं: डाळीचा दाटपणा, गोड्या मसाल्याचा वास, आणि एकसारखं उकळायला पाणी. वरून नेसवायच्या पानाची तर झाडंच निराळी वाढवतात. क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे, तिथल्या तांबड्या मातीत. शेतावर पातळ कापडाचा मांडव घालतात, लग्नात घालतो तसा, म्हणजे ऊन चाळून येतं आणि पान मऊ, पातळ, डागाशिवाय वाढतं.

पानं वाळली की लगेच वळत नाहीत. ती किंचित ओलसर करून त्यांचे ढीग रचतात. ढीग आतून आपोआप तापतो, तसा त्यातला उग्र वास निघून जातो. ठरावीक उष्णता झाली की ढीग मोडायचा, वरचं खाली करायचं, पुन्हा रचायचा. मग पानं बांधून ठेवून द्यायची, काही तर वर्षानुवर्षं. भाऊजी यासाठी दोन-तीन इंग्रजी शब्द शोधत होते. मी म्हटलं, "मुरवतात म्हणा ना!" लोणचं मुरतं, तसं पान मुरतं. कच्च्या कैरीचा करकरीतपणा जाऊन जी एक गोलाई येते, तीच.

आता परीक्षा. आधी बघायचं. अंगावरचं पान रेशमी दिसलं पाहिजे, किंचित तेलकट, शिरा नाजूक, जोड शोधून न सापडणारा. तोंडाकडे छोटीशी टोपी बसवलेली असते, ती साफ असावी. मग बोटांत धरून बुडापासून तोंडापर्यंत हलकेच दाबत जायचं. दाबलं की दबला पाहिजे आणि सोडलं की उठला पाहिजे. चांगल्या पोळीच्या कणकेसारखा. कुरकुरला तर वाळलेला. मग हुंगायचं. आणि मग, न पेटवता, टोपी कापून नुसती हवा ओढून बघायची. याला कोरडी ओढ म्हणू या. भाऊजींनी चिरूट पुढे केला. ह्यांनी हात मागे घेतला, तो मी घेतला. (सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, पण पाठ आमच्याकडे होती.)

खरं सांगते, वाईट नव्हतं. पहिल्यांदा गोठ्याचा वास आला, वाळल्या कडब्याचा. माझ्या आजोळचा. मागून जिभेवर मनुकेसारखं काही तरी, आणि ओठांना बारीकशी चुणचुण. धूर नाही, ठसका नाही. माझी चव तेवढ्यावर थांबली आणि तेवढ्यावरच थांबणार आहे.

पेटवायची तऱ्हा सांगते आणि हा भाग आवरते. रॉकेलचा वास येणारा लायटर नको, लांब काडी हवी. ज्योतीवर टेकवायचा नाही, वर धरून शेकायचा, कडेनं सगळीकडून सारखा. आपण पापड भाजतो तसं फिरवत. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात खेळवून सोडायचा. मिनिटाला एक झुरका, घाई केली की तापतो आणि कडवट होतो. राख झटकायची नाही. चांगल्या वळणाची राख बोटभर लांब होईपर्यंत टिकते. निखाऱ्याची कड सगळीकडून सारखी पुढे सरकली पाहिजे. आणि संपत आला की रगडून विझवायचा नाही, ठेवून द्यायचा, आपला आपण विझतो.

मग भाऊजींनी चवींची यादी सांगितली. मिरी, दालचिनी, कॉफी, कोको, भाजलेले बदाम, मध, देवदाराचं लाकूड, कातडं. लाकूड आणि कातडं सोडलं तर सगळा माझा फडताळातला मसाल्याचा डबा! मिरी कुठल्या बरणीत असतात हे ज्या गृहस्थांना आपल्या घरी विचारावं लागतं, ते डोळे मिटून "शेवटी शेवटी काळी मिरी येते" म्हणतात, तेव्हा हसू कसं आवरायचं तुम्हीच सांगा.

हसण्याचा आवाज ऐकून सासूबाई वळल्या. "काय आहे ते? बघू."

भाऊजींनी मोठ्या अदबीनं चिरूट त्यांच्या हातात दिला. "आई, हे हातानं वळलेलं असतं बरं का. एकेक नग. ही कलाच आहे." सासूबाईंनी चष्माही लावला नाही. अंगठा आणि दोन बोटांत धरून तो एकदा फिरवला, कानाशी नेला, परत फिरवला. मग मधल्या भागावर अंगठा ठेवून म्हणाल्या, "इथं गाठ बसलीय. पान मुडपलंय आत. ओढ यायची नाही ह्याला नीट, आणि या अंगानं आधी जळंल."

भाऊजी हसले, मोठ्या माणसांच्या बोलण्यावर हसतात तसे. चिरूट पेटला. पहिला बोटभर छान गेला, राख पांढरी करडी, घट्ट. पुढे मात्र भाऊजींचे गाल आत जायला लागले. झुरका मारावा तर धूर येईना. दहा मिनिटांत एका अंगानं कड खाली पळाली, दुसरं अंग तसंच उभं, होडीसारखं. सासूबाईंनी अंगठा ठेवला होता तेच अंग जळत होतं.

"आई, तुम्हाला कसं हो कळलं?"

इथे मला तुम्हाला थोडं मागचं सांगितलं पाहिजे. ह्या गावात येऊन आम्हाला दहा वर्षं झाली. ह्यांची नोकरी चांगली, वसाहत चांगली, शेजार चांगला. सासूबाई सोलापूरच्या. तिथल्या घरी त्यांनी विड्या वळल्या. मामंजी गिरणीत होते, गिरणीचं काम कधी असायचं, कधी नसायचं. विडी रोज असायची. हे सगळं मला लग्नाआधीच सांगितलेलं होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. पण इथे आल्यापासून घरात कोणी तो विषय काढला नाही. ह्यांनी 'काढू नका' असं कधी म्हटलं नाही. फक्त कोणी "तुमच्या आई काय करायच्या?" असं सहज विचारलं, की हे पाणी प्यायला उठतात. दहा वर्षांत मी ते पाणी पिणं ओळखायला शिकले होते.

सासूबाई म्हणाल्या, "बावीस वर्षं वळल्यात की. हे असलं न्हवं, विड्या. दिवसाला हजार."

मी ह्यांच्याकडे बघितलं. तांब्या जवळच होता. हे उठले नाहीत. कठड्याकडे बघत म्हणाले, "माझी इंजिनिअरिंगची फी त्यातून भरली आहे. चारही वर्षांची." कॉलेजात चार वर्षं एका खोलीत राहिलेल्या मित्राला हे आज कळत होतं. भाऊजी काही बोलले नाहीत. त्यांनी तो वाकडा जळणारा चिरूट बशीत ठेवला आणि सासूबाईंना नीट मांडी घालून समोर बसले. सासूबाईंना मात्र दुसरीच चिंता होती. त्यांनी विचारलं, "तिकडं छाट काढतात का हो?"

छाट म्हणजे काय ते तुमच्यापैकी सोलापूर, सिन्नर, संगमनेरकडच्या भगिनींना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. पानं भिजवायची, ओल्या फडक्यात ठेवायची, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायची, जाड शीर खरवडायची, तंबाखू पसरून वळायची, एक तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करायच्या आणि टोपलीत घालून कारखान्यात द्यायला जायचं. तिथे तपासनीस बसलेला असतो. तो जुडी उचलतो, चाचपतो, आणि नापसंत विड्या बाजूला काढतो. ती छाट. तिचे पैसे नाहीत. पानं कमी भरली तर पदरची विकत आणून आकडा पुरा करायचा. सासूबाई म्हणतात, छाट कधी खरी असायची, कधी त्या माणसाच्या मनावर असायची. कुठल्या दिवशी कशी आहे, ते त्याच्या पहिल्या जुडीला लावलेल्या हातावरून कळायचं. त्यांच्या अंगठ्याला गाठ कळते ती अशी. बावीस वर्षं रोज कोणीतरी त्यांच्या मालावर अंगठा ठेवला होता, म्हणून त्यांनी आपला आधी ठेवायची सवय करून घेतली.

भाऊजींना उत्तर माहीत नव्हतं. जहाजावरच्या माणसाला बंदरातलं दुकान माहीत, कारखाना कुठून माहीत असणार? पण मला प्रश्न सोडवेना. शाळेच्या ग्रंथालयात आणि बाहेर मिळेल ते वाचलं.

काढतात हो, तिकडेही. हवानाच्या कारखान्यात लाकडी पाटावर, अर्ध्या चंद्रासारख्या विळीनं पान कापून चिरूट वळतात. चांगला हात असला आणि आकार सोपा असला, तर दिवसाला शंभराच्या आसपास होतात. पन्नासांची जुडी बांधतात, तिला त्यांच्या भाषेत 'अर्धं चाक' म्हणतात. मग लांबी, जाडी, वजन तपासायचं. आता ओढ मोजायची यंत्रंही आली आहेत. शिवाय चव घेणाऱ्यांची एक मंडळीच असते. सकाळी बसून थोडं थोडं ओढून बघायचं, मध्ये बिनसाखरेच्या चहानं तोंड साफ करायचं, आणि ओढ, जळणं, कडकपणा, वास, चव यांना गुण द्यायचे. इतक्या चाळण्यांतूनही आमच्या गच्चीवर आला तसा एखादा निसटतोच. हाताचं काम आहे.

एक आवई मात्र खोडून काढायला हवी. हवानाचे चिरूट तरुण पोरी मांडीवर वळतात, असं पुरुषांच्या बैठकीत डोळे मिचकावून सांगतात. सगळं खोटं. मांडीवर चिरूट वळताच येत नाही, पाट लागतो. पूर्वी बायकांना वळायचं काम फारसं देतच नसत. त्यांच्याकडे पानाची मधली शीर काढायची आणि पानं निवडायची. ती पानं मांडीवर पसरून ठेवायच्या, एवढंच. वळणं हे वरच्या मजुरीचं काम, ते पुरुषांचं. पुढे क्रांतीनंतर हवानात 'एल लगितो' नावाच्या एका जुन्या बंगल्यात बायकांना वळायला शिकवलं. फिडेल कॅस्ट्रोंसाठी आणि सरकारी पाहुण्यांसाठी 'कोहिबा' नावाचे चिरूट तिथे होऊ लागले. आज जगात ज्यांची नावं सगळ्यात दबकून घेतात, त्यांतलं हे एक. त्याची सुरुवात १९६६ सालची सांगतात.

आणि बघा, त्याच १९६६ साली आपल्या संसदेनं एक कायदा केला. त्याच्या नावातच 'विडी आणि सिगार कामगार' असं एका ओळीत आहे. नाकारलेल्या मालाचा तंटा कोणापुढे न्यावा, याचीही त्यात तरतूद होती. आता तो कायदा २०२० च्या नव्या संहितेत गेला. सासूबाईंना मी त्याचं नाव वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "असंल. आमच्या तपासनिसानं वाचला नसंल." संघटनेच्या मोर्चाला मात्र त्या दोनदा गेल्या होत्या, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. २००६ साली सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत झाली. त्यांच्याबरोबर वळायला बसणाऱ्या दोघींना तिथे घर मिळालं. अजून फोन येतात त्यांचे. सासूबाई त्यांच्याशी बोलताना मध्येच तेलुगूत शिरतात, आणि पैसे तर अजून तेलुगूतच मोजतात. सगळा शेजारच तेलुगू होता.

सगळ्यात आवडलं ते पुढे सांगते. हवानाच्या कारखान्यात, वळणाऱ्यांच्या ओळींसमोर उंच आसनावर एक वाचणारा बसतो. १८६५ साली ही पद्धत तिथे सुरू झाली. कामगार मान खाली घालून वळतात, आणि हा मोठ्यानं वाचतो. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. कुठली वाचायची ते कामगार मतं देऊन ठरवत, आणि वाचणाऱ्याचा पगारही मालक नव्हे, तेच आपसांत वर्गणी काढून देत. सत्तेवरच्यांना धास्ती बसायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच वर्षी बंदी आली, पुढे उठली. क्यूबातून अमेरिकेत टँपा गावी गेलेल्या कामगारांनी तिथेही वाचणारे बसवले, तर १९३१ साली मालकांनी ते काढून टाकले आणि रेडिओ लावले. क्यूबात ही प्रथा आजही आहे. 'माँटेक्रिस्टो' नावाचा चिरूट १९३५ साली निघाला, त्याचं नाव अशाच वाचनात कामगारांच्या लाडक्या झालेल्या ड्यूमाच्या कादंबरीवरून पडलं.

हे मी सासूबाईंना रंगवून सांगत होते. मला वाटलं, त्यांना नवल वाटेल. त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "मग आमच्याकडं बाळू वाचायचाच की."

बाळू म्हणजे हे! दुपारी शाळा सुटली की हे आईसमोर बसून धडा मोठ्यानं वाचायचे. मराठीचा, इतिहासाचा, गणिताची उदाहरणंसुद्धा. शेजारच्या चार बायका सुपं घेऊन आमच्या ओसरीवर वळायला यायच्या, बाळूचं ऐकायला. पानिपत वाचलं त्या दिवशी सगळ्यांच्या विड्या कमी भरल्या, असं सासूबाई सांगतात. मी विचारलं, "आणि वाचणाऱ्याला पगार काय?" तर म्हणाल्या, "शेंगदाणे. मूठभर. पानिपतच्या दिवशी गूळपण दिला."

ह्यांना रात्री हे विचारलं. म्हणाले, "गूळ दिला होता खरा." आणि बराच वेळ छताकडे बघत पडून राहिले.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तू चिरुटाची भलामण करतेस की काय. मुळीच नाही. धूर छातीत घेत नाही म्हणून चिरूट निरुपद्रवी, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तोंडातूनही त्यातलं विष रक्तात जातं. तोंडाचा, जिभेचा, घशाचा कर्करोग त्यानं होतो, आणि एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. कॅस्ट्रोंनी स्वतः १९८५ साली ओढणं सोडलं. वळणारीचंही काही बरं नसतं. सासूबाईंनी आयुष्यात एक विडी ओढली नाही, पण तंबाखूची धूळ बावीस वर्षं नाकातोंडात गेली. पहाटेचा त्यांचा खोकला आमच्या घरचं घड्याळ आहे. पाठ सरळ होत नाही. तेव्हा घरी असा पाहुणा आला तर त्याला गच्ची दाखवा, दिवाणखाना नव्हे. तरी वास राहिलाच, तर पडदे काढून धुणं हाच उपाय. उदबत्ती लावू नका, दोन्ही वास मिळून तिसराच होतो.

दुसरा चिरूट आमच्याकडेच राहिला होता. भाऊजी गेल्यावर चार दिवसांनी सासूबाईंनी तो मागितला. वर्तमानपत्र पसरलं, ओलं फडकं करून चिरूट त्यात तासभर गुंडाळून ठेवला. मग नखानं टोपी उचलली आणि पान उलगडत गेल्या, जखमेची पट्टी सोडवावी इतक्या सावकाश. वरचं पान तळहाताएवढं निघालं, इतकं पातळ की खालचा मथळा वाचता यावा. त्याखाली बांधणीचं. आत भरणाची पानं, पण कशी? चुरा नव्हे, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, आणि प्रत्येकाला पंख्यासारख्या घड्या. "हे बघ," मला म्हणाल्या, "घडीघडीत वाट ठेवलीय वाऱ्याला. परवाच्यात हिथं चुकला होता तो. किंवा ती." मग बराच वेळ एकेक पान उजेडात धरून बघत राहिल्या. "हात चांगला आहे हिचा," म्हणाल्या. ती तिकडची बाईच असणार, हे त्यांनी आपलं ठरवून टाकलं.

आणि मग त्यांनी तो परत वळला. पोळपाटावर. माझा हात मध्ये घालू दिला नाही. घड्या जशाच्या तशा बसवल्या, बांधणीचं पान घेतलं, वरचं पान तिरकं धरून फिरवत नेलं. तिकडे टोपी झाडाच्या डिंकानं चिकटवतात. आमच्याकडे कणकेची खळ होती. नातवंडं भोवती बसली होती, हे दारात उभे होते. मला तर वाटलं दुकानातल्यापेक्षा देखणा झाला आहे. मी म्हटलं, "भाऊजींना ठेवू या. पुढच्या खेपेला येतील तेव्हा देऊ."

सासूबाईंनी तो अंगठ्याखाली फिरवला. टोपीपाशी पान केसभर उलललं होतं, ते मला दाखवलं.

"नको," म्हणाल्या. "छाट आहे." आणि पोळपाट धुवायला माझ्याकडे दिला.